सांधे दुखतात म्हणून वरण सोडू नका! युरिक ॲसिड, बोअरचं पाणी आणि वाताची पुडी

बाजाराच्या दिवशी तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात चक्कर मारा. केसपेपरच्या रांगेत गुडघ्यावर हात टेकून बसलेली बरीच मंडळी दिसतील. कुणाचा अंगठा सुजलेला, कुणाची बोटं सकाळी उघडत नाहीत, कुणाची कंबर वाकत नाही. विचारलं तर उत्तर एकच, 'वात झाला जी.' आणि या वातावर घरोघरी पहिला इलाज एकच होतो, तो म्हणजे खाणं बंद करणं. आधी वांगं बंद, मग बटाटा, दही, चिंच आणि शेवटी तुरीचं वरण. ज्या जिल्ह्यात शेतात तूर उभी असते, तिथलं म्हातारं माणूस भाकर-मिरचीवर येतं. अंगातली ताकद जाते, दुखणं मात्र जागच्या जागी राहतं. मग कुणीतरी कुठली तरी पुडी आणून देतं.

खाण्याचा आणि सांध्यांचा संबंध नाही असं नाही. संबंध आहे, काही आजारांत तर फार जवळचा आहे. पण सांधेदुखी हा एक आजार नव्हे. झीज झाली म्हणून गुडघा दुखतो ते वेगळं, शरीराची संरक्षण यंत्रणा स्वतःच्याच सांध्यांवर उठते तो आमवात वेगळा, युरिक ॲसिडचा गाऊट वेगळा, पाण्यातल्या फ्लोराइडनं आखडलेली कंबर वेगळी, आणि चिकुनगुनियानंतर महिनोन्‌महिने राहणारी दुखणी आणखी वेगळी. म्हणून 'काय खाऊ नको' याच्याही आधी 'मला नेमकं काय झालंय' हे विचारायला हवं.

अंगठ्याला आग लागते तेव्हा

गाऊटची सुरुवात बहुतेक वेळा ठरलेली असते. माणूस रात्री चांगला झोपतो आणि पहाटे पायाच्या अंगठ्याच्या मुळाशी आग लागल्यासारखं दुखून जागा होतो. सांधा लाल, गरम, टरटरून सुजलेला. अंगावरची चादर लागली तरी ओरडावंसं वाटतं. आठवडा-दोन आठवड्यांत सगळं आपोआप ओसरतं आणि माणूस विसरून जातो. काही महिन्यांनी पुन्हा तेच. जास्त करून पुरुषांना होतो, बायकांना पाळी गेल्यानंतर.

आत काय घडतं? आपल्या पेशींत आणि अन्नातही प्युरीन नावाचे घटक असतात. ते मोडले की युरिक ॲसिड तयार होतं. बहुतेक सस्तन प्राण्यांच्या शरीरात ते पुढे मोडणारं विकर असतं, माणसाकडे ते नाही. त्यामुळे ते बाहेर टाकायचं काम मुख्यतः मूत्रपिंडावर येतं, साधारण दोन तृतीयांश तिथून जातं. रक्तातलं प्रमाण दर डेसिलिटरला ६.८ मिलिग्रॅमच्या वर गेलं की ते विरघळून राहत नाही, त्याचे सुईसारखे बारीक स्फटिक बनू लागतात. अंगठा हा शरीराचा थंड कोपरा, म्हणून तिथं आधी. या सुया सांध्यात दिसल्या की पांढऱ्या पेशी त्यांना गिळायला धावतात. पण स्फटिक काही जंतू नव्हे, तो मरत नाही. पेशी चवताळतात, इंटरल्यूकिन-१ बीटा नावाचा संदेश सोडतात, आणखी पेशी येतात आणि सांध्यात वणवा पेटतो. सूज, लाली, आग म्हणजे ज्याला डॉक्टर 'इन्फ्लमेशन' म्हणतात, ते हेच.

आता खाण्याकडे येऊ. २००४ साली अमेरिकेत ४७ हजारांहून जास्त पुरुषांच्या १२ वर्षांच्या नोंदींवरून एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. मटण-मांस आणि मासे-झिंगे जास्त खाणाऱ्यांत गाऊट जास्त दिसला. दूध आणि दुधाचे पदार्थ घेणाऱ्यांत कमी दिसला. आणि डाळी, वाटाणा, पालक यांतून येणाऱ्या प्युरीननं गाऊटचा धोका वाढलेला दिसला नाही. म्हणजे आपल्याकडे जे सगळ्यात आधी बंद होतं, त्या वरणावर आरोप सिद्ध झालेला नाही. कमी करायची ती कलेजी, गुर्दा, भेजा, वजरी, सुके झिंगे आणि बाजारात मिळणारी कोल्ड्रिंकची बाटली. कोल्ड्रिंकमध्ये मांस नाही, मग ती कशी? तर गोडातलं फ्रुक्टोज यकृतात मोडताना युरिक ॲसिड वाढवतं. साखरेचा निम्मा भाग फ्रुक्टोजच असतो, आणि गूळही मुख्यतः साखरच. 'गुळाचा चहा चालतो' म्हणून दिवसाला सहा कप घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

आंबटाचं काय? इथं नावानं घोटाळा केलाय. रिपोर्टवर 'ॲसिड' शब्द दिसला की लोक लिंबू, ताक, चिंच बंद करतात. लिंबात सायट्रिक ॲसिड असतं, त्याचा युरिक ॲसिड वाढण्याशी संबंध नाही. टोमॅटोनं त्रास वाढतो असं काही रुग्ण सांगतात, त्यांनी तो टाळून बघावा. ताक तर या आजारात चांगलंच.

पण एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. अगदी काटेकोर पथ्य पाळलं तरी युरिक ॲसिड साधारण एखाद्या मिलिग्रॅमनंच उतरतं. ज्याचं ९-१० आहे, त्याचं पथ्यानं ६ च्या खाली येणार नाही. त्याला रोजचं औषध लागतं, तेही दुखत नसताना. आपल्याकडे चूक होते ती इथंच. दुखणं थांबलं की गोळी बंद, स्फटिक मात्र आत साचतच राहतात. पुढे कानाच्या पाळीवर, कोपरावर खडूसारख्या गाठी येतात, मूत्रपिंडात खडे होतात. आणखी एक बारकावा म्हणजे ऐन झटक्यात रक्त तपासलं तर युरिक ॲसिड नॉर्मल येऊ शकतं. 'रिपोर्ट तर बरा आहे' म्हणून फाइल बंद करू नका. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा तपासा. बीपीची काही पाण्याची गोळी किंवा हृदयासाठीची लहान ॲस्पिरिन यांनीही युरिक ॲसिड वाढतं. ती स्वतःहून बंद करायची नाही, पण डॉक्टरांना सगळ्या गोळ्या दाखवायच्या.

दारू, आणि दारूतलं शिसं

दारू गाऊटला दोन्हीकडून मारते, युरिक ॲसिड तयार करते आणि बाहेर जाऊही देत नाही. बीअर सगळ्यात वाईट, कडक दारू तिच्या मागोमाग. मे महिन्यातल्या लग्नाचा हिशोब करा. दिवसभर उन्हात वरातीत, पाणी कमी, रात्री बोकडाचं मटण आणि सोबत बाटली. तिसऱ्या दिवशी अंगठा सुजला तर पत्रिकेतल्या ग्रहांना दोष देऊ नये.

हातभट्टीबद्दल जुनी पण कामाची माहिती आहे. अमेरिकेच्या दक्षिण भागात चोरून दारू गाळणारे लोक वाफ थंड करायला मोटारीचं जुनं रेडिएटर वापरायचे. त्याच्या सांध्यांना शिशाचं डाग दिलेलं असे. ते शिसं दारूत उतरलं, पिणाऱ्यांच्या मूत्रपिंडांना लागलं, आणि युरिक ॲसिड बाहेर जाईना. डॉक्टरांनी या गाऊटला शिशाचा गाऊट असंच नाव दिलं. शिशाचं डाग दिलेल्या भांड्या-नळीतून दारू गाळली, मग ती मोहफुलाची असो की गुळाची, धोका तोच.

शिशाचा विषय निघालाच आहे तर हळदीबद्दलही बोलू. सांधेदुखीला हळद-दूध घेणारे पुष्कळ आहेत, आणि हळदीतल्या कर्क्युमिनमुळे सूज कमी होते असं दाखवणारे काही अभ्यासही आहेत. फक्त त्यात वापरलेला अर्क शेकड्यांनी मिलिग्रॅमचा असतो. हळदीत कर्क्युमिन साधारण ३ टक्के, म्हणजे चमचाभर हळदीत ९० मिलिग्रॅमच्या आसपास. घ्या, पण अपेक्षा बेतानं ठेवा. खरी काळजी रंगाची आहे. बांगलादेशात हळकुंडं पॉलिश करताना लेड क्रोमेट नावाचा शिशाचा पिवळा रंग चोळला जायचा. २०१९ मध्ये बाजारातल्या तपासलेल्या नमुन्यांपैकी ४७ टक्क्यांत तो सापडला. सरकारनं छापे टाकले, दंड केले, आणि २०२१ पर्यंत हे प्रमाण शून्यावर आलं. म्हणजे 'अख्खं हळकुंड घेतलं की भेसळ नाही' हा समज खोटा ठरतो. हळकुंड वरून झगझगीत पिवळं आणि मोडल्यावर आतून फिकं दिसलं, हाताला रंगाची पूड लागली, तर घेऊ नका. ओळखीच्या शेतकऱ्याकडून न रंगवलेली हळद घ्या, धुऊन वाळवून दळा.

एकादशी एकाला भली, दुसऱ्याला वाईट

उपास केला की वात उतरतो असं म्हणतात. हे अर्धं खरं आहे. १९९१ साली नॉर्वेमध्ये आमवाताच्या ५३ रुग्णांवर अभ्यास झाला. त्यातल्या एका गटाला आठवडाभर जवळपास उपास आणि पुढे वर्षभर शाकाहारी जेवण दिलं. त्यांच्या सुजेत आणि दुखण्यात खरोखर फरक पडला. पण तो उपास काढ्या-रसांचा होता, आपल्यासारखा साबुदाणा खिचडी आणि शेंगदाण्याच्या लाडवांचा नव्हता! आमवातात जेवणाचा परिणाम होतो, पण तो औषधाच्या जोडीला. औषध थांबवून नुसतं पथ्य केलं तर बोटं वाकडी व्हायची ती होतातच, आणि एकदा वाकली की सरळ होत नाहीत.

गाऊटवाल्यानं मात्र कडक निर्जळी उपास करू नये. पोट रिकामं राहिलं की शरीर चरबी जाळतं, त्यातून निघणारे घटक मूत्रपिंडात युरिक ॲसिडची वाट अडवतात आणि झटका येऊ शकतो. घरात दोघांनाही 'वात' असेल, एकाला आमवात आणि दुसऱ्याला गाऊट, तर एकच उपास दोघांना वेगवेगळं फळ देतो.

आमवाताबद्दल आणखी एकच. जो विषारी पदार्थ या आजारात सगळ्यात पक्का सापडलाय तो ताटात नसतो, तो बिडीत असतो. धूम्रपान करणाऱ्यांना आमवात जास्त होतो आणि औषधंही कमी लागू पडतात. वांगं सोडून बिडी ओढत बसणं म्हणजे घराला आग लागल्यावर उंबरा धुण्यासारखं आहे.

झिजलेल्या गुडघ्याचं गणित सोपं आहे. वजन एक किलो कमी झालं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो. वातूळ-बिनवातूळ भाजीपेक्षा हे मोठं.

पाण्यातून येणारं दुखणं

आपल्या जिल्ह्याला सगळ्यात जवळचा विषय हा, आणि नेमकं याच्यावरच कमी बोललं जातं. पांढरकवडा परिसरात बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असल्याचं भूजलाच्या अभ्यासांत आलेलं आहे. शेजारच्या चंद्रपूर आणि नांदेड जिल्ह्यांतही असे पट्टे आहेत. काळ्या पाषाणापेक्षा ग्रॅनाइटसारख्या खडकात हा क्षार जास्त असतो. पाणी जितकं खोल आणि जितका काळ खडकात राहतं, तितका तो उतरतो. म्हणून उथळ विहिरीचं पाणी ठीक आणि शेजारच्याच खोल बोअरचं वाईट, असं घडतं. पाणी दिसायला नितळ, चवीलाही बरं. काही कळत नाही.

भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात दर लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालतं, दुसरा पर्यायच नसेल तर १.५ पर्यंत. त्याच्यावरचं पाणी वर्षानुवर्षं पोटात गेलं की आधी मुलांच्या दातांवर पांढरे-तपकिरी आडवे पट्टे येतात. घासून जात नाहीत. मोठ्या माणसांत फ्लोराइड हाडांत साचतं, हाड जाड होतं, हाडांना बांधणारे पट्टे चुन्यासारखे कडक होतात. मान वळत नाही, पाठ बांबूसारखी ताठ होते. भारतात हा आजार पहिल्यांदा १९३७ मध्ये तेव्हाच्या मद्रास इलाख्यातल्या नेल्लोर भागातून नोंदला गेला. तेव्हापासून आजवर कितीतरी लोक याला 'वात' समजून तेल चोळत बसले.

घरी करून बघण्याच्या तीन गोष्टी आहेत. गुडघे न वाकवता खाली वाकून पायाची बोटं धरता येतात का? हनुवटी छातीला टेकते का? दोन्ही हात मानेच्या मागे नेता येतात का? वयानं किंवा कंबरेच्या जुन्या दुखण्यानंही हे जमत नाही, तेव्हा एकट्या माणसावरून काही ठरवू नका. पण एकाच बोअरवर पाणी भरणाऱ्या चार घरांतल्या चाळिशीच्या माणसांना हे जमत नसेल आणि पोरांच्या दातांवर पट्टे असतील, तर पाणी तपासलंच पाहिजे. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडं सांगा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत नमुना जातो. 'पाणी चांगलं आहे' असं तोंडी ऐकून परत येऊ नका, फ्लोराइडचा आकडा किती ते विचारा. जंतूंची तपासणी वेगळी, फ्लोराइडची वेगळी. रुग्णासाठी कोपर ते मनगट हाताचा एक्स-रे काढतात, तिथल्या दोन हाडांमधला पडदा कडक झालेला दिसला की निदान पुढे सरकतं.

पाणी उकळून फ्लोराइड जात नाही. उलट पाणी आटतं आणि प्रमाण वाढतं. घरी अंदाजानं तुरटी फिरवूनही भागत नाही. नागपूरच्या नीरी संस्थेनं तुरटी आणि चुना मोजून वापरण्याची पद्धत काढली, ती नलगोंडा पद्धत म्हणून ओळखली जाते. पण त्यात मापं पाण्याच्या तपासणीवरून ठरवावी लागतात. आरओनं फ्लोराइड निघतं, मात्र त्यातून वाया जाणारं पाणी उन्हाळ्यात गावाला परवडणारं नसतं. सगळ्यात सोपं म्हणजे पिण्या-रांधण्यापुरतं पाणी दुसऱ्या स्रोताचं, म्हणजे तपासलेल्या उथळ विहिरीचं, तलावाच्या योजनेचं किंवा छतावरून साठवलेल्या पावसाचं. आंघोळ, धुणं, जनावरांची धुलाई बोअरच्या पाण्यानं चालेल.

इथं मात्र आहाराला खरी किंमत आहे. जेवणात कॅल्शियम कमी असेल तर फ्लोराइडचा मार जास्त बसतो. दूध, ताक, तीळ, राजगिरा, शेवग्याचा पाला आणि सोबत आवळा-लिंबू हे गरोदर बायका आणि पोरांच्या ताटात आधी जायला हवं. चहाच्या पानात मुळातच फ्लोराइड असतं, काही काळ्या मिठातही. अशा गावात दिवसभर उकळणारा कोरा चहा कमी केलेला बरा. हाडांत बसलेलं पटकन निघत नाही, पण पाणी बदललं की पुढचं थांबतं. म्हणूनच म्हाताऱ्यांच्या गुडघ्यांपेक्षा शाळेतल्या पोरांच्या दातांकडं आधी बघावं.

बुरशी लागलेलं धान्य

अन्नातल्या विषानं सांधे जातात याचं जगातलं ठळक उदाहरण काशिन-बेक रोगाचं. सायबेरियाचा काही भाग, ईशान्य चीन ते तिबेट या पट्ट्यात लहान मुलांची बोटं, कोपरं, गुडघे जाड होतात आणि उंची खुंटते. जमिनीत सेलेनियम कमी, त्यात बुरशी लागलेलं धान्य, अशी कारणं एकत्र येतात असं संशोधक मानतात. तो रोग त्या मुलखाचा, आपल्याकडची बुरशी दुसरं नुकसान करते. १९९५ मध्ये पावसात भिजलेली ज्वारी आणि मका खाऊन आंध्र-कर्नाटकातल्या गावांत पोटदुखी आणि जुलाबाची साथ आली होती. ही विषं तव्यावर भाकर भाजून पूर्ण जात नाहीत. काळी पडलेली ज्वारी धुऊन-वाळवून घरी खायला ठेवणं ही बचत नव्हे. मजुरीत देणं तर त्याहून वाईट.

आणि ती पुडी

सगळं करून थकलेला माणूस शेवटी पुडीकडं वळतो. बिनलेबलची, पिवळट किंवा राखाडी पावडर, 'शंभर टक्के जडीबुटी' म्हणून विकलेली. दोन दिवसांत माणूस उठून शेतात जातो आणि गावभर सांगतो. नेमकं हे 'दोन दिवसांत' घडणंच संशयाचं आहे. इतक्या झटपट सूज ओढणारी वस्तू म्हणजे स्टिरॉइड. अशा पावडरींत डेक्सामेथासोनसारखी स्टिरॉइडं आणि डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामकं मिसळलेली तपासण्यांत सापडलेली आहेत. स्टिरॉइड स्वतः वाईट नाही, आमवातात डॉक्टरही मोजून देतात. पण न मोजता महिनोन्‌महिने गेलं की चेहरा चंद्रासारखा गोल होतो, साखर आणि बीपी वाढतं, हाडं ठिसूळ होतात, खुब्याच्या सांध्याचा गोळा रक्त न मिळून सडतो. वेदनाशामकानं मूत्रपिंड जातं. आणि मूत्रपिंड गेलं की युरिक ॲसिड आणखी वाढतं.

जडीबुटीही बिनविषारी असते असं नाही. पावसाळ्यात कुंपणावर लाल-पिवळ्या ज्वाळेसारखं फुलणारी कळलावी बघा. गाऊटवर डॉक्टर देतात ते कोल्चिसिन या वेलीत असतं. म्हणून कुणी तिचा कंद उगाळून घेऊ नये. डॉक्टरांची गोळी अर्ध्या मिलिग्रॅमची असते, कंदात किती आहे ते डोळ्यांना दिसत नाही, आणि तो खाऊन माणसं मेलेली आहेत.

तुमच्या घरात कुणी अशी पुडी बरेच महिने घेत असेल तर हे वाचून आज रात्रीच ती फेकून देऊ नका. स्टिरॉइडची सवय झालेलं शरीर स्वतःचं संप्रेरक बनवणं थांबवतं. पुडी एकदम बंद केली तर चक्कर, उलट्या, बीपी पडणं, प्रसंगी जिवावर बेतणं, असं होऊ शकतं. उरलेली पुडी तशीच कागदात बांधा, रुग्णाला सोबत घ्या, डॉक्टरांपुढं ठेवा आणि किती दिवसांपासून, दिवसातून किती वेळा घेतली ते न लाजता सांगा. मात्रा हळूहळू कमी करत ती कशी सोडवायची हे तेच ठरवतील. सोबत साखर, बीपी आणि क्रिएटिनिनची तपासणी त्याच दिवशी मागून घ्या.